लस आली, पण भीती ओसरल्यावर

[दृश्य: बडोदा. सूरसागरचा काठ, पुढे दांडिया बाजार, दवाखान्याची पाटी.]

निवेदन:
११ जून २००९. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, आणि पुण्यात कुणी नात्यातलं नाही असं मराठी घर बडोद्यात विरळाच. लस तेव्हा मिळाली असती तर रांगा लागल्या असत्या. भारतात बनलेली पहिली लस आली जून २०१० मध्ये, तीही इथून जवळच, अहमदाबादच्या कंपनीची. १० ऑगस्टला तर महासाथ संपल्याचीच घोषणा झाली. संपलेल्या साथीची सुई कोण टोचून घेणार?

[दृश्य: दवाखान्यातली बाकं.]

भीतीपेक्षाही जास्त चालतो तो नेहमीच्या डॉक्टरांचा शब्द. ‘घ्यायची तर घ्या’ म्हटलं की माणूस घरी जातो. ‘आज टोचूनच जा’ म्हटलं की बाही वर करतो. पण डॉक्टर-नर्सच लस टाळत असतील, तर तो शब्द तोंडातून निघणार कसा? २०१० मध्ये आयात केलेली लस सर्वांत आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच होती, आणि त्यांच्यातल्याही अनेकांनी ती घेतली नाही.

दुष्परिणामांची शंका सगळीच खोटी नसते. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार वाढला. प्रमाण साधारण लाखात एक जादा रुग्ण, तरी मोहीम थांबली. हे लपवण्यापेक्षा आपणहून सांगितलेलं बरं. बाहेरून कळलं की मग पुढचं काहीच पटत नाही.

[दृश्य: मकरपुरा जीआयडीसी, पाळी सुटण्याची वेळ.]

काहींचा लशीला विरोध मुळीच नसतो, फक्त वेळ जुळत नाही. केंद्र सकाळी उघडं, पाळीही सकाळचीच. रजा काढून यावं, तर दहा डोसांची कुपी चार माणसांसाठी फोडायची नाही म्हणून ‘उद्या या’ ऐकायचं. उद्याचा रोज कोण बुडवेल? सहा डोस वाया गेलेले परवडतात, परत गेलेला माणूस परवडत नाही.

[दृश्य: लशीचा डबा, बर्फाचे पॅक.]

सुईतून दिली जाणारी फ्लूची लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढले की बाहेर ठेवायचे आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच डब्यात भरायचे. गोठलेली लस टोचली तर संरक्षण मिळत नाही, आणि ‘घेऊनही फ्लू झालाच’ असं गल्लीभर होतं.

तसं बोललं जायला आणखी एक कारण आहे. लशीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधी संसर्ग झाला, तर दोष लशीवरच येतो. म्हणून टोचतानाच सांगायचं: दंड दुखेल, एक-दोन दिवस कणकण वाटेल, आणि पंधरा दिवस मास्क सोडू नका.