कात्रीच्या कडीतला अंगठा

नौपाड्यातील या शिंपीकाकांचा अंगठा कात्रीच्या कडीत आजही बरोबर बसतो, पण पाती मिटत नाहीत. हात जवळून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी असणारा मांसल उंचवटा खोलगट झाला आहे. करंगळीच्या बाजूचा मात्र बराचसा शाबूत आहे. हात दुखत नाही, बधिर नाही, कापडाचा पोत बोटांना अजून कळतो. दुखत नव्हते म्हणूनच कित्येक महिने ‘वयोमानाने आलेली अशक्तता’ समजून नुसते मालिश चालले, आणि ही चूक घरोघरी होते.

हा एएलएस (ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस), म्हणजे हालचालीच्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार आहे. हालचालीची आज्ञा दोन टप्प्यांत येते. मेंदूतील प्रेरक चेतापेशी ती मज्जारज्जूपर्यंत आणते. तेथील दुसरी चेतापेशी ती आपल्या तंतूवरून, पायाच्या बाबतीत जवळजवळ १ मीटर अंतर कापून, स्नायूपर्यंत नेते. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते आणि स्नायू आकुंचन पावतो. ही दुसरी चेतापेशी मेली, की तिचे स्नायुतंतू पोरके होतात. मग शेजारची पेशी नवे फाटे फोडून त्यांना सांभाळून घेते. शरीराची ही सोय थोर खरी, पण तिच्यामुळेच अशक्तपणा जाणवेपर्यंत बरीच हानी होऊन गेलेली असते.

हात मांडीवर स्वस्थ असताना दंडाच्या कातडीखाली चाललेली ही फडफड बिघडलेल्या चेतापेशींची आहे. (नुसती फडफड निरोगी माणसालाही होते, सोबत स्नायू झिजत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.) झिजलेला पाय हातोडीच्या हलक्या टोल्याने इतका उसळतो, कारण वरच्या, म्हणजे मेंदूतील, चेतापेशीचा लगाम सुटला आहे. झीज आणि ताठरपणा यांची ही जोडी फ्रान्समधील चेताविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६९ मध्ये नोंदवली. मानेतील मणक्यांचा दाब, म्हणजे उपचार होऊ शकणारे दुखणेही, कधी असेच सुरू होते. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूतील विद्युत हालचाल नोंदवणारी, तपासणी वेळेत व्हायला हवी.

मासुंदा तलावाच्या काठाने चालताना उजवी चप्पल पुन्हा पुन्हा निसटते; पाऊल वर उचलणारा नडगीवरचा स्नायू दुबळा झाला आहे. पुढे गिळणे, बोलणे आणि श्वास यांचे स्नायूही आजाराच्या तावडीत सापडतात. रिलुझोल हे औषध आजाराचा वेग थोडा मंदावते, आजार बरा करत नाही.

डोळे हलवणारे स्नायू सहसा शाबूत राहतात. काकू शर्टाचे बटण चुकीच्या काजात घालतात, तेव्हा काका नजरेनेच खालचे काज दाखवतात.