मार्फा : माळरानावरचं एक गाव

श्रोतेहो, नमस्कार.

टेक्सास म्हटलं की तेलविहिरी आठवतात, नाहीतर ह्यूस्टन-डॅलससारखी शहरं. आज आपण जाऊ या पार पश्चिमेकडच्या कोरड्या माळावर, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून जवळच असलेल्या मार्फा या गावी. वस्ती दोन हजारांच्या आतच.

वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला थांबा हवा होता, म्हणून १८८३ साली हे गाव वसलं. भोवताली गुरांची अफाट कुरणं. पुढे मेक्सिकोत क्रांती पेटली आणि सीमेच्या राखणीला आलेल्या लष्कराची इथं छावणी पडली. दुसरं महायुद्ध संपलं, १९४६ मध्ये छावणी उठली, आणि पाठोपाठ आला वर्षानुवर्षांचा दुष्काळ. गाव ओस पडू लागलं.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कहून डोनाल्ड जड हे शिल्पकार इथं राहायला आले. तोफखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी अॅल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या. बाहेरून सगळ्या एकाच मापाच्या, आतून प्रत्येक निराळी. त्या बघायला जगभरातून लोक येतात. त्यामुळे हॉटेलं चालतात, दुकानं चालतात. पण जागांचे भाव चढले, आणि मातीच्या विटांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना घराचा करही जड जाऊ लागला.

ही कुटुंबं बहुतेक मेक्सिकन वंशाची. मला मार्फाची खरी गोष्ट त्यांचीच वाटते. त्यांच्या मुलांसाठी गावात वेगळी शाळा होती, ब्लॅकवेल स्कूल. १९५४ मध्ये तिथल्या मुलांकडून चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं, ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’. त्या चिठ्ठ्या पेटीत घातल्या आणि शाळेच्या आवारात पुरल्या. लेकरांच्या हातून त्यांच्या मायबोलीचं दफन! १९६५ मध्ये ही वेगळी शाळा बंद झाली. इमारत पडायच्या बेतात आली, तेव्हा तिथंच शिकलेली, आता केस पिकलेली माणसं एकत्र आली. त्यांनी ती वाचवली, जुने फोटो आणि आठवणी गोळा केल्या. २००७ साली, त्या दफनाला उत्तर म्हणून, त्याच आवारात जमीन खणून त्यांनी प्रतीकादाखल एक स्पॅनिश शब्दकोश वर काढला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं टेक्सासात असतील, तर त्यांना मार्फाला जायला जरूर सांगा. पेट्या बघाच, पण आधी ही शाळा बघा. नमस्कार.