कुंपणावरचा नर वेल

श्रोतेहो, नमस्कार. आज परसबागेविषयी. किनवट-माहूरकडच्या आंध, कोलाम, गोंड आदिवासींच्या वस्त्यांवर घरामागं डोकावलं, की न्हाणीच्या पाण्यावर अळू, कडेला अंबाडी, कोपऱ्यात शेवगा आणि कुंपणावर दोडका, वाल, कर्टुली. अंबाडीचा पाला भाजीला, साल दोराला. हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून मी थेट कर्टुल्यावर येते.

तिकडच्या एका आंध आजींचा नातू नांदेडला शिकायला. पंचमीला घरी आला, तर कुंपणावरचा एक वेल फुलांनी भरलेला, पण कर्टुलं एक नाही. पोरानं ‘वांझ आहे’ म्हणून उपटून फेकला. आठवड्यात बाकीच्या वेलांची फुलंही सुकून गळायला लागली. आजी म्हणाल्या, “लेकरा, घरधनीच उपटलास की रं!”

तो नर वेल होता. कर्टुल्यात नर वेगळा, मादी वेगळी. पुन्हा सांगते, नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या फुलामागं इवलंसं काटेरी कर्टुलं आधीच दिसतं, नराचं फूल नुसतं दांड्यावर. दहा मादी वेलांना एक नर पुरतो, पण तो एक हवाच. आजींनी मग नातवाला शेजारच्या कुंपणावर पिटाळलं. कर्टुल्याची फुलं संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीला त्यानं नराची फुलं खुडून आणली आणि आजींनी ती एकेका मादी फुलावर हलकेच घासली. पोळ्याला भाजी झाली!

आता मात्र गावोगावी कुंपण मोडून सिमेंटची भिंत घालतात. गुळगुळीत भिंतीवर वेलानं चढावं कसं? वर तिला रंग देऊन नाव लिहायचं. असो.

नर वेल उपटला, तरी त्याचा कंद जमिनीत शाबूत होता. मृगाच्या पावसात तो पुन्हा फुटला. आजींनी शेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधली, नातवाला कळावं म्हणून.

तुम्हाला कर्टुली लावायची असेल तर बी नको, कंद मागा. बियाणाचा वेल नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही. आणि कंद मागताना आठवणीनं म्हणा, मादीचे द्या, त्यात एक नराचाही द्या.