आधी लघवीची बाटली, मग अँटिबायोटिक

आज मी बराच वेळ एका छोट्या बाटलीवरच बोलणार आहे, लघवीच्या. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या मुलांना किडनीचा आजार आहे, कुणाची एक किडनी जन्मापासून लहान, कुणाला रिफ्लक्स, म्हणजे लघवी ब्लॅडरमधून उलटी किडनीकडे चढते, कुणाला नेफ्रोटिक, म्हणजे लघवीतून प्रथिनं जातात. अशा मुलाला ताप आला की नाक बघतात, घसा बघतात, आणि लघवी आठवते तिसऱ्या दिवशी, तोवर घरात उरलेल्या अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेलेले असतात. मग कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट, लावलं तरी त्यात काही उगवत नाही आणि लघवीचं इन्फेक्शन होतं की नव्हतं हे शेवटपर्यंत कळत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे परवडत नाही, कारण एमसीयू, म्हणजे रिफ्लक्स बघायचा ब्लॅडरचा एक्स-रे, करायची का, किडनीवरचे व्रण दाखवणारा डीएमएसए स्कॅन कधी, इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून अँटिबायोटिकचा रोजचा छोटा डोस लावायचा का, हे सगळं त्या रिपोर्टवर ठरतं. मूल फारच आजारी असेल तर थांबायचं नाही, कॅथेटरने दोन मिनिटांत सॅम्पल घेतात आणि लगेच इंजेक्शन सुरू करतात.

मोठं मूल सांगतं, शू करताना आग होते. सहा महिन्यांचं बाळ काय सांगणार? नुसता ताप, उलट्या, दूध ओढत नाही, किरकिर. स्टिरॉइड चालू असेल तर तापही दबतो.

जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. लघवी मोकळी वाहत राहिली तर तो धुऊन निघतो, साचली की घर करतो. ती साचते कशामुळे, तर काही मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात जन्मतः पडदा असतो, कुणाच्या ब्लॅडरच्या नसा काम करत नाहीत, रिफ्लक्समध्ये वर चढलेली लघवी परत ब्लॅडरमध्ये उतरून मागे राहते, आणि बद्धकोष्ठता! शी साचली की ब्लॅडर दबतं, नीट रिकामं होत नाही. मी शीबद्दल विचारलं की आईबाबा जरा चमकतातच, पण ती सुधारल्याशिवाय नुसती औषधं बदलत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

आता सॅम्पल. चिकटवायच्या पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर कामाचा, पॉझिटिव्ह आला तर त्यावर भरवसा नको. जागा धुवायची, सुरुवातीची धार सोडून मधली स्वच्छ बाटलीत धरायची, आणि लगेच लॅबला, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये. पट्टीच्या टेस्टवर विसंबू नका, नायट्राइट तयार व्हायला लघवी ब्लॅडरमध्ये काही तास राहावी लागते आणि बाळं तर सारखी शू करतात. शिवाय किडनीच्या काही आजारांत लघवी पाण्यासारखी पातळ होते, त्यात पू-पेशी कमी दिसतात आणि इन्फेक्शन निसटतं.

याची उलट बाजूही आहे. ज्या मुलांना रोज कॅथेटरने लघवी काढावी लागते त्यांच्या लघवीत जंतू जवळपास कायमच सापडतात, मूल हसतंखेळतं असेल, ताप नसेल, तर त्याला औषध द्यायचं नाही, आणि मुळात उगाच कल्चर पाठवायचंच नाही. औषध दिलंत तर उद्या खरं इन्फेक्शन होईल तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देणार नाही.

रोजच्या छोट्या डोसबद्दल सगळेच विचारतात. रिफ्लक्स असलेल्या 607 मुलांवरचा रिव्हर नावाचा अभ्यास 2014 मध्ये आला, रोजच्या डोसने दोन वर्षांत परत होणारी इन्फेक्शनं जवळपास निम्मी झाली पण किडनीवरच्या व्रणांत फरक दिसला नाही, आणि डोस चालू असूनही ज्यांना इन्फेक्शन झालं त्यांच्यात औषधाला न जुमानणारे जंतू जास्त निघाले. म्हणून मी सरसकट देत नाही, मोठा रिफ्लक्स, लहान बाळ, परत परत ताप, अशांनाच देते.

आणि नव्या डॉक्टरकडे जाल तेव्हा शेवटचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची टेस्ट, आणि आजचं वजन आधी सांगा. काही अँटिबायोटिकचे डोस त्यावर बदलावे लागतात, नायट्रोफ्युरंटॉइनसारखं औषध तर किडनी फार कमजोर असेल तर लघवीत पुरेसं उतरतच नाही. तापाला पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन नको.