उत्तरपत्रिका परत देताना

शिक्षक बंधू-भगिनींनो, मुलांची मनोवृत्ती आणि मनःस्वास्थ्य यांवर काम करायचं ठरलं की बहुतेक शाळा शनिवारचा एखादा तास काढतात. मुलं माना डोलावतात आणि सोमवारी गणिताच्या तासाला पुन्हा घाबरतात. ही कौशल्यं विषयाच्या तासातच शिकवावीत, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी उत्तम दिवस कोणता? तपासलेली उत्तरपत्रिका परत देण्याचा.

‘मी गणितात कच्चाच’ हा समज नुसत्या सांगण्याने थोडाच हलतो. अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवरचा एक प्रयोग २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘बुद्धी वाढवता येते’ हे तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठातून शिकवलं, तेव्हा मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी चार गुणांच्या मोजपट्टीवर ०.१ ने सुधारली. लाभ लहान, पण खरा. आणि जिथे सोबतची मुलंही अवघड कामाला हात घालत होती, तिथे तो टिकला. ते वातावरण वर्गात आपणच घडवायचं असतं.

समजा, मुलाने (अ + ब)² = अ² + ब² असं लिहिलंय. पेपर द्या, पण गुण दुसऱ्या दिवशी सांगा. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं, स्वतःची चूक बघत नाही. मग दहा मिनिटं द्या. प्रत्येक चुकीपुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहायचं: कळलंच नव्हतं तर ‘क’, घाईत गेलं तर ‘घ’, प्रश्न नीट वाचला नाही तर ‘व’. ‘क’ दिसला की तिथे थांबा. (अ + ब) बाजूचा चौरस काढून त्याचे चार भाग पाडायला लावा. राहून गेलेले अब क्षेत्रफळाचे दोन आयत त्याचे त्यालाच दिसतात. तीन दिवसांनी तसंच नवं उदाहरण द्या, वही मिटून.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ‘प्रयत्न केलास, शाब्बास’ म्हणून आपण मोकळे होतो. चुकीच्याच रीतीने दहा गणितं सोडवली असतील, तर मेहनतीने ती चूक पक्की होते. त्याऐवजी नेमकं बोला: ‘आकृती काढून पडताळलंस, म्हणून सापडलं.’ ‘हुशार आहेस’ हेही टाळा. हुशारीचा शिक्का बसलेलं मूल तो जाऊ नये म्हणून अवघड गणितापासून लांब राहतं.

परीक्षेत छाती धडधडते त्यांच्यासाठी: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दोन मिनिटं. मध्ये श्वास रोखायला लावू नका आणि आकड्यांची सक्ती नको. कुणाला गरगरलं तर नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच केलं तर फारसं हाती लागत नाही, म्हणून महिनाभर आधीपासून रोज तासाच्या सुरुवातीला घ्या.

हे सगळं साध्या भीतीपुरतं. मूल आठवडे उलटले तरी नीट झोपत-जेवत नसेल, मित्रांपासून तुटलं असेल, तर पालकांशी बोला, समुपदेशकाकडे न्या. ‘मी नसलेलंच बरं’ असं म्हणालं, तर एक दिवसही थांबू नका. त्याला वर्गासमोर विचारू नका, एकटं सोडू नका आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.