मधली वर्षं

(पडदा काळा. फोनची रिंग. चौथ्या रिंगला फोन उचलला जातो.)

पलीकडून नाव सांगितलं जातं आणि दोन्हीकडे शांतता पसरते. ओळख पटलेली असते. अडतं ते पुढच्याच शब्दावर. 'अरे' म्हणायचं की 'अहो'? पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला शिवी घातल्याशिवाय हाक मारली नाही, त्याला 'कसे आहात' विचारताना ओशाळल्यासारखं होतं. आणि 'कसा आहेस रे' म्हणायला जीभ रेटत नाही. मग बहुतेक जण कर्ता आणि क्रियापद दोन्ही गिळून टाकतात. "काय, कसं काय?" मराठी व्याकरण अशा वेळी फार सांभाळून घेतं.

या दोघांना थोडा वेळ बोलू देऊ. परत येऊच.

(जुना ग्रुप फोटो. कडा पिवळ्या पडलेल्या. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो.)

खूप वर्षांनी भेटलेल्या मित्रांच्या तोंडी दोनपैकी एक वाक्य हमखास येतं. 'तू जराही बदलला नाहीस', किंवा 'तो फार बदललाय'. पहिलं तोंडावर, कौतुकाने. दुसरं घरी परतल्यावर, तिसऱ्याच माणसापाशी. वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध असली तरी दोन्हींची मापपट्टी एकच आहे : मनातलं जुनं चित्र. समोरच्या माणसाला आपण त्या चित्राशी ताडून बघतो. चित्रावर शंका घ्यावी असं सहसा कोणाला वाटत नाही.

1975 साली मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांनी 392 जणांची त्यांच्या शाळासोबत्यांबद्दलची आठवण तपासली होती. कोणी नुकतीच शाळा सोडलेली, कोणाला शाळा सोडून जवळजवळ पन्नास वर्षं झालेली. आपणहून नावं आठवायला सांगितली, तेव्हा थोडीच आठवली. पण शाळेच्या वार्षिकांकातले फोटो अनोळखी फोटोंमध्ये मिसळून समोर ठेवले, तर तीस-पस्तीस वर्षांनंतरही दहातले नऊ चेहरे लोकांनी बरोबर ओळखले. हा आकडा नेहमी स्मृतीचं कौतुक म्हणून सांगितला जातो. पण ते फोटो कधीचे होते? शाळेतले. लोकांनी ओळखला तो सतरा-अठरा वर्षांचा चेहरा. तोच माणूस आज पन्नाशीत शेजारून गेला असता तर, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

चेहऱ्याचं एवढं, मग स्वभावाचं काय होत असेल?

(एक हात वहीत लिहितोय. पान उलटलं जातं. पुन्हा तोच हात, तीच गोष्ट, आता कमी ओळींत.)

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. त्यांनी लोकांना परक्या मुलखातली, विचित्र वळणांची एक लोककथा वाचायला दिली आणि ती आठवून लिहायला सांगितली. काही वेळाने पुन्हा. काहींना महिन्यांनी, काहींना तर वर्षांनी. दर खेपेला गोष्ट आखडत गेली. जे तपशील चमत्कारिक वाटले ते गळाले. जे उरले ते वाचणाऱ्याच्या ओळखीच्या जगात बसतील असे झाले. यात खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपल्याला आठवतंय तसंच लिहीत होता.

दूर गेलेल्या मित्राचीही अशीच गोष्ट होते. तो रोज भेटत असतो तोवर तिच्यात दुरुस्त्या करायला स्वतः हजर असतो. आज वेळेवर आला नाही म्हणून तुम्ही चिडलात, उद्या तुमच्यासाठी रात्रभर जागला. हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो निघून गेला की दुरुस्त्या थांबतात आणि सांगणारे आपण एकटेच उरतो. दोन-तीन किस्से शिल्लक राहतात, सांगून सांगून गुळगुळीत झालेले. हळूहळू ते किस्से म्हणजेच माणूस होतो. थोडासा विसरभोळा होता, तो महावेंधळा ठरतो. एकदा मदतीला धावून आलेला मोठ्या मनाचा ठरतो, कायमचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण ते प्रेमाने दुरावलेल्यांपुरतं. भांडून दुरावलेल्याचा डोंगर लांबून आणखीच ओबडधोबड दिसतो.

(इथे कॅलेंडरची पानं उडताना दाखवू नयेत. एकाच माणसाचे ओळखपत्रांवरचे फोटो, एकामागून एक, आवाजाशिवाय.)

आता मधली वर्षं.

ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 साली वर्षानुवर्षं चाललेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माणसाच्या स्वभावात सर्वांत जास्त बदल होतात ते साधारण वीस ते चाळीस या वयात, असं त्यात दिसलं. म्हणजे लहानपणचे मित्र ज्या काळात पांगतात, नेमका तोच काळ. जेव्हा पाहायला हवं, तेव्हाच आपण तिथे नसतो.

स्वतःची ही वर्षं आपण एकेक दिवसाने जगलेलो असतो, म्हणून आपला बदल आपल्याला उडी वाटत नाही. त्याच्या आयुष्याची मात्र आपल्याला दोनच पानं दिसतात, पहिलं आणि आजचं. मधलं आजारपण, गेलेली नोकरी, कोणाची तरी केलेली दीर्घ शुश्रूषा, हे सगळं मिटलेल्या पानांत. त्यामुळे आपण घडत गेलो, आणि तो बदलला.

रिचर्ड आयबाख, लिसा लिबी आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये याच्या जवळचं काहीतरी दाखवलं. स्वतःत झालेला बदल माणसं जगात झालेला बदल समजतात. नव्याने आई-बाप झालेल्यांना जग पूर्वीपेक्षा धोकादायक झाल्यासारखं वाटतं. खरं तर धोका शोधणारे डोळे नवे असतात. मित्राच्या बाबतीतही असं होत असावं, असं मला वाटतं. 'तो पूर्वीसारखा हसत नाही' असं आपण सांगतो. पूर्वी त्याला हसवणारे आपणच होतो, आणि तसं वेड्यासारखं बोलणं आपण कधीचंच सोडलं, ही शक्यता आपल्या डोक्यात येत नाही. आपल्यासमोरचा तो आणि इतरांसमोरचा तो एकच नव्हता. आपल्याला माहीत होता तो आपल्या संगतीतला. ती संगत मोडली तेव्हा तो माणूसही थोडा मोडला, आणि त्यात आपलाही निम्मा वाटा होता.

(बंद दार. दाराखाली उजेडाची रेघ.)

मौनाचं गणित तर अगदीच एकतर्फी. मी फोन केला नाही, कारण मी कामात होतो. त्याने केला नाही, कारण तो आता मोठा माणूस झाला. आपल्या वागण्याला परिस्थिती, दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1971 मध्येच यावर बोट ठेवलं होतं. पलीकडच्या घरात हेच वाक्य सर्वनामं उलटवून बोललं जात असतं.

लारा अकनिन आणि जिलियन सॅन्डस्ट्रॉम यांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा लोकांना निवडलं, ज्यांचा एखादा जुना मित्र किंवा मैत्रीण दुरावली होती, ज्यांना पुन्हा बोलायची इच्छा होती, ज्यांच्याकडे संपर्काचा पत्ताही होता. निरोप लिहायला वेळसुद्धा दिला. तरी तो पाठवला एक तृतीयांशापेक्षा कमी जणांनी. आधी सध्याच्या मित्रांना दोन-चार निरोप पाठवून हात मोकळा करून घेतला, तेव्हा कुठे ते प्रमाण वाढलं. जुन्या मित्राशी बोलायला लोक जवळजवळ तितकेच कचरत होते, जितके अनोळखी माणसाशी बोलायला.

अनोळखी. आणि तरीही या अनोळखी माणसाला तुमचं असं एक टोपणनाव माहीत असतं, जे तुमच्या मुलांनाही ठाऊक नाही. त्याच्याजवळ तुमचाही एक किस्सा असतो. गुळगुळीत झालेला. तुम्ही ऐकलात तर म्हणाल, हा मी नव्हेच.

(पुन्हा काळा पडदा. तेच दोन आवाज, आता चढलेले.)

"सायकल मी चालवत होतो. तू मागे बसला होतास."

"अरे, मागे तू! उतारावर माझा शर्ट धरून ओरडत होतास."

"मी ओरडतोय? खड्डा आला तेव्हा डोळे कोणी मिटले होते?"

"थांब. फोटो आहे माझ्याकडे. त्याच दिवसाचा. पाठवतो."

(फोनच्या पडद्यावर फोटो उमटतो. सायकल भिंतीला टेकवून उभी. चाक वाकडं. दोन मुलं दोन बाजूंना, दोघांचेही गुडघे फुटलेले, दोघांचेही हात खिशात.)

"बघितलास?"

"बघतोय. यात कुठं दिसतंय कोण चालवत होतं ते?"

"चेहरा बघ ना तुझा."

"कुठला माझा? डावीकडचा की उजवीकडचा?"

(शांतता. पहिल्यापेक्षा बरीच लांब. मग पलीकडून हसण्याचा आवाज.)