डावीकडून की उजवीकडून?

[दृश्य : बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. दुसरीचा वर्ग. सतरंजीवर चार मुले, मध्ये एक टॅब.]

पडद्यावर ४७ आणि ३८ यांची उभी मांडणी आली आहे. बीड जिल्ह्यातल्या या शाळेतली दुसरीची मुलगी ओठांतल्या ओठांत पुटपुटते, ‘सात आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक’, आणि उत्तराच्या चौकटीत पाच दाबते. चार, तीन आणि हातचा मिळून आठ होतात, म्हणून मग आठ दाबते. चौकटीत ५८ उमटतात आणि त्यांवर लाल फुली येते.

तिचे गणित चुकलेले नाही. पाटीवर तिने एककाच्या घरात पाच आणि त्याच्या डावीकडे आठ लिहिले असते, तर ८५ हे उत्तर बरोबर ठरले असते. उभी बेरीज उजवीकडून डावीकडे सरकते आणि या अ‍ॅपची चौकट डावीकडून उजवीकडे भरते. फुली त्या दोहोंच्या भांडणाची आहे, पण मुलीला ते कोण सांगणार? शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितले म्हणून तिला ते कळले.

मराठीत ही अडचण आणखी एका जागी भेटते. ‘त्रेसष्ट’ हा शब्द ऐकताना आधी तीन कानावर पडतात आणि नंतर साठ. पाटीवर मूल आधी तीन लिहून डावीकडे सहा लिहू शकते, टॅबवर मात्र कानावर पडलेल्या क्रमाने बोट चालवले की ३६ होतात. त्यातच एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली आहेत, आणि नव्व्याण्णवपाशी तोही नियम मोडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद पेटला आणि तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागची कारणे सांगताना जोडाक्षरांची आणि या उलट्या क्रमाचीच अडचण पुढे ठेवली होती. त्या वादात चेष्टाच अधिक झाली. या वर्गात तासभर बसणाऱ्याला मात्र ती चेष्टा करवणार नाही.

बाईंनी काढलेला मार्ग साधा आहे. गणित पाटीवर सोडवायचे, उत्तर ‘आठ दशक, पाच सुटे’ असे मोठ्याने वाचायचे आणि मगच टॅबला हात लावायचा.

[दृश्य : पडद्यावर निळे दांडे आणि पिवळे सुटे चौकोन.]

टॅब खरोखर कामाला येतो तो उसनवारीच्या वजाबाकीत. ५२ मधून २७ वजा करताना फळ्यावर पाच खोडून चार आणि दोनाच्या जागी बारा लिहिले जातात. पुष्कळ मुलांना तो एक मंत्र वाटतो आणि मंत्रासारखाच ती पाठ करतात. पडद्यावर मुलगा पाच दांड्यांपैकी एक दांडा सुट्यांच्या घरात ओढतो, त्याचे तिथे दहा तुकडे होतात, आधीचे दोन धरून बारा होतात, आणि पाचाचे चार का झाले हे त्याच्या डोळ्यांदेखत घडते. चुकले तर दांडा पुन्हा सांधता येतो. खाडाखोड उरत नाही, म्हणून भीतीही उरत नाही. जिथे चार पर्याय देऊन तारे वाटले जातात, तिथे मात्र मुले गणित सोडून बोटाचा नेम धरतात, आणि तिसऱ्या बोटाला मिळालेला तारा पहिल्या बोटाच्या ताऱ्याइतकाच चमकतो.

वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने चार्जिंग सकाळीच उरकले जाते, आणि इंटरनेटविना चालणारीच अ‍ॅप येथे टिकली आहेत.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणन यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. या गावातली काही मुले मात्र दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. असाच परतलेला एक मुलगा टॅब उघडतो, तेव्हा अ‍ॅप त्याला जिथे सोडले होते नेमके तिथून पुढची गणिते मांडते. अ‍ॅपच्या लेखी मधे एक दिवसही गेलेला नाही. मुलगा पडद्याकडे नुसता पाहत राहतो.

बाई टॅब बाजूला ठेवतात आणि तुरीच्या काड्यांचा ढीग त्याच्यापुढे सरकवतात. दहा-दहाच्या जुड्या बांधण्यासाठी रबरही देतात. तो रबर घेत नाही. दहा काड्या मोजतो, गुडघ्याखाली दाबतो आणि उसाची मोळी बांधतात तशी एका ओल्या पात्याने आवळून गाठ मारतो. अशा पाच मोळ्या होतात, दोन काड्या सुट्या राहतात. सत्तावीस काढून दे, असे बाई म्हणतात. तो दोन मोळ्या उचलून देतो, उरलेल्या तिनांकडे क्षणभर पाहतो आणि एकीची गाठ सोडू लागतो.